मालकाचीच किक ओळखणारी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मोटारसायकलची पारख एकाच प्रश्नाने होते : ॲव्हरेज काय देते? कंपनी कोणती, किती सीसी, हप्ता किती, हे सगळं नंतर. लिटरला साठ म्हणालात तर समोरचा मान डोलावतो. ऐंशी म्हणालात तर तुम्ही थापा मारताय हे त्याला कळतं, पण तोही आपल्या गाडीविषयी तेवढंच सांगत आलेला असतो, त्यामुळे वाद होत नाही. जुन्या बुलेटच्या मालकाला मात्र ॲव्हरेज कुणी विचारत नाही. सकाळी दूध आणायला निघालेला शेजारी त्याला विचारतो, "काहून भौ, झाली का चालू?"

यात चौकशी आहे, थोडी दया आहे, आणि आपण वेळीच हिरो होंडा घेतली याचं समाधानही आहे. मालक उत्तर देत नाही. तो उजवा पाय किकवर ठेवून, मान खाली घालून ॲमीटरच्या काट्याकडे बघत असतो.

जुनी बुलेट म्हणजे कोणती ते आधी सांगतो, नाहीतर अर्धा लेख वाचून कुणीतरी नातवाच्या नव्या गाडीचा फोटो पाठवील. बिडाचं इंजिन. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली. डाव्या मुठीपाशी डिकॉम्प्रेसरची छोटी दांडी. न्यूट्रल सगळ्या गाड्यांना असतो, पण हिच्यात तो शोधायला पायापाशी वेगळी दांडी आहे, यावरून तो किती सहज सापडत असेल ते ओळखा. एकच सिलिंडर, 346 सीसी, 18 हॉर्सपॉवर, वजन 160 किलोच्या वर. हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन बारके दिवे. त्यांचा रस्त्यावर उजेड पडत नाही, पण नसले तर गाडी आंधळी दिसते. सेल्फ स्टार्टचं बटण नाही. बटण असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ही गाडी जातीची इंग्रज. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण तिच्याइतकी देशी वस्तू आमच्या तालुक्यात दुसरी सापडायची नाही. तिचा इतिहास मला तोंडपाठ आहे. प्रत्येक बुलेटवाल्याला तो असतोच, कारण गाडी चालू होत नसताना भोवती जमलेल्या लोकांना काहीतरी सांगत राहावं लागतं. पहिली किक वाया गेली की मी इंग्लंडातल्या रेडिच गावापासून सुरुवात करतो. हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध. तिथला एक सुयांचा कारखाना पुढे सायकलींकडे वळला, एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यासाठी सुटे भाग करू लागला, त्यावरून 'रॉयल एनफिल्ड' हे नाव आलं आणि 1901 साली पहिली मोटारसायकल निघाली. मग आणखी एक किक. बुलेट हे नाव 1932 चं. आज आपल्या ओळखीचा आहे तो तिचा तोंडवळा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सैन्याने सरहद्दीवर गस्त घालायला 800 बुलेट मागवल्या, आणि 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग तिकडून यायचे आणि इथे जोडले जायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अख्खी गाडी इथेच बनू लागली. पुन्हा किक. एव्हाना गर्दीतला एखादा शहाणा "पेट्रोल हाये का पाह्यलं का?" असं विचारून घेतो. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. 1967 साली रेडिचचा कारखाना बंद पडला, थोड्याच वर्षांत मूळ कंपनीने गाशा गुंडाळला, आणि मद्रासवाले मात्र तेच यंत्र तसंच काढत राहिले. 1977 पासून तर ते इंग्लंडलाही पाठवू लागले. साहेबाला साहेबाचीच गाडी मद्रासहून जाऊ लागली, इथपर्यंत आलो की बहुधा इंजिन धडधडतं. नाही धडधडलं तर 1994 साली आयशरने कंपनी घेतली तिथपर्यंत मजल जाते. तरीही नाही झाली, तर इतिहास संपतो आणि धक्का सुरू होतो.

तसा इंग्रजांचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध जुना. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या साहेबाने लोणारचं सरोवर पाहून त्याची नोंद केली. ते आम्हाला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण साहेबाच्या वहीत गेल्याशिवाय नोंद झाली असं कुणी धरत नाही. उन्हाळ्यात खालच्या वऱ्हाडात जीव नकोसा होतो म्हणून घाटावरच्या बुलढाण्याला त्यांनी जिल्ह्याचं ठाणं केलं. खामगावचा कापूस नेण्यासाठी 1870 साली जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला. कापूस तिकडे गेला, रेडिचच्या सुया तिकडेच होत्या, शिवणकाम त्यांचं झालं. आमच्या वाट्याला बुलेट आली, आणि तीही ते निघून गेल्यावर. हिशेब बरोबर झाला की नाही, यावर खामगावात अजून एकमत नाही.

खामगावला एका उस्तादांच्या गॅरेजसमोर कडुनिंब आहे. रविवारी त्याच्या सावलीत जुने बुलेटवाले जमतात. गाडीचं काम असेलच असं नाही. बहुतेकांच्या गाड्या आधीच आत खोललेल्या असतात. या मंडळींत एकच वाद वर्षानुवर्षं चालू आहे : आदर्श गाडी कोणती? वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत या प्रश्नाला तक्ते देऊन उत्तर देतात, वेग, ताकद, किंमत, पाचपैकी चार तारे. कडुनिंबाखाली तक्ता चालत नाही. इथे प्रत्येकाचं मत ठाम आहे आणि प्रत्येकाची स्वतःची गाडी त्या मतात हुबेहूब बसते.

निवृत्त गुरुजींचं म्हणणं, गाडी 'ओरिजनल' पाहिजे. एकही नट बदललेला नको. जुन्या बुलेटचे काही नट-बोल्ट इंचाच्या मापातले; हल्लीचे मिलिमीटरचे पाने त्यांना बसत नाहीत, बसले तर नटाचे कोपरे गोल करून टाकतात. गुरुजींकडे इंची पान्यांचा जुना संच आहे आणि ते अजून सुतात बोलतात : हा तीन सुती, तो चार सुती. एकदा त्यांचं कार्बोरेटरचं एक रबर फाटलं. ओरिजनल रबर मिळेना, डुप्लिकेट लावायला ते तयार होईनात. गाडी पडवीत उभी राहिली, तिच्यावर चादर आली, चादरीवर वाळवणाचे पापड आले. गुरुजी म्हणतात, जिल्ह्यात माझ्याइतकी अस्सल गाडी कुणाची नाही. हे खरंच आहे. चालवल्यामुळे गाडीची जी झीज होते, तीसुद्धा तिची झालेली नाही.

दुसरे एक कंपाउंडर आहेत, त्यांचा सगळा जीव आवाजात. गाडी जागेवर उभी असताना दोन ठोक्यांच्या मधे माणसाला एक विचार करता आला पाहिजे, असं त्यांचं माप. आवाजाचा उपयोग असतो हे मीही मानतो. त्यांची गाडी वेशीवर आली की घरात ऐकू येतं. तेवढ्या वेळात चहाचं आधण चुलीवर जातं, मोबाइल उशीखाली जातात आणि मुलांच्या हातात पुस्तकं येतात. कंपाउंडरसाहेबांची अशी ठाम समजूत आहे की आपली मुलं सदैव अभ्यास करतात.

हेच कंपाउंडर तेलाने मात्र अडचणीत आले. जुन्या इंग्रजी इंजिनाची पेटी उभी चिरलेली असते, दोन अर्धे बोल्टांनी एकत्र आवळलेले, आणि त्या सांध्यातून तेल झिरपतं. इंग्लंडात लोक रॉयल एनफिल्डला चेष्टेने 'रॉयल ऑइलफिल्ड' म्हणत. जपान्यांनी पेटी आडवी चिरली आणि त्यांचं तेल आतच राहिलं. आमची गाडी जिथे उभी राहते तिथे सही करून जाते. कंपाउंडर घरी तहसीलला जातो सांगून निघाले होते. ठिपका सापडला तो तहसीलपासून बऱ्याच लांब, जिथे दुपारी पत्त्यांचा डाव बसतो त्या ओट्यासमोर, आणि सापडला तो वहिनींना. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं गाडीखाली पाट्याएवढा पुठ्ठा सरकवायला सुरुवात केली आणि रोज संध्याकाळी तो उचलून बघायला. कंपाउंडरसाहेबांनी तेव्हापासून तीन गॅस्केट बदलली.

मोताळ्याच्या बाजूचे एक शेतकरी आहेत, ते डिझेलवाले. डिझेलवर चालणारी बुलेट ही थाप आहे असं नव्या पोरांना वाटतं. थाप नाही. एनफिल्डने 'टॉरस' नावाची डिझेल गाडी खरोखर काढली होती : ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं 325 सीसीचं इंजिन, ताकद साडेसहा हॉर्सपॉवर. उतारावर, वारा मागून असताना, ताशी 65 पर्यंत जायची. धुराचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली. शेतकऱ्याला ती सोयीची कशी, तर डिझेलची एकच टाकी, त्यातून पंपालाही ओतायचं आणि मोटारसायकललाही. आवाजही एकच, त्यामुळे मालक शेतात पोचला की पंप चालू झाला हे घरच्यांना कळायला वेळ लागतो. थरथरीमुळे तिच्या आरशात मागचं काही दिसत नाही. पण मागचा प्रत्येक जण थोड्याच वेळात पुढे जातोच, तेव्हा तो निवांत बघता येतो. आमच्या सगळ्या मंडळींत ॲव्हरेजचा प्रश्न छाती पुढे काढून घेणारे हे एकटेच. "सत्तर देते," असं म्हणून ते थांबतात, आणि सत्तर किलोमीटर जायला किती वेळ लागतो हे कुणी विचारत नाही.

उस्तादांना मत विचारलं तर ते कार्बोरेटरमधून डोकं न काढता सांगतात, "जे गाडी महिन्यातून एकडाव येते, ते चांगली. दोनडाव येते, ते लय चांगली."

आता माझं मत. मी ते कडुनिंबाखाली फारसं बोलून दाखवत नाही, कारण गुपित फुटलं तर त्याचा उपयोग राहणार नाही. पण हे मासिक इतक्या लांबून निघतं की आमच्या आळीत कुणी वाचेल अशी भीती नाही. माझ्या मते आदर्श इंग्रजी मोटारसायकल तीच, जी मालकाशिवाय कुणालाही चालू करता येत नाही.

याचं मोल समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. मोटारसायकल ही आमच्याकडे कागदावर एकाची आणि रस्त्यावर आळीची. "दोन मिंटात आलो" म्हणून नेलेली गाडी दिवेलागणीला परत येते. टाकीत पेट्रोलचा नुसता वास उरलेला असतो, मागच्या सीटवर सोयाबीनच्या पोत्याचा भुसा, आणि कधी कधी एक चप्पल, जी कुणाची आहे हे नेणाऱ्यालाही सांगता येत नाही. "पेट्रोल टाकून देतो ना भौ" हे वाक्य वऱ्हाडात वाऱ्यावर किती उडालं असेल याची गणती नाही. आणि नाही म्हणायची सोय नसते. ज्याला नाही म्हणायचं त्याच्याच बैलजोडीने तुमची पेरणी झालेली असते, नाहीतर त्याच्या सासऱ्याच्या ओळखीने तुमच्या पोराची बदली जवळ आलेली असते. गाडी दाराशी उभी दिसत असताना "गाडी नाही" असं सांगता येत नाही, आणि "गाडी आहे पण देत नाही" असं सांगून माणसाला त्याच गावात राहता येत नाही.

जुन्या बुलेटने हा प्रश्न माझ्यापुरता मिटवला. मी कुणालाही नाही म्हणत नाही. किल्ली गाडीलाच असते.

"भौ, जरा गाडी पाहिजे होती. चिखलीले जाऊन येतो."

"ने ना लेका. इचारतं काय?"

तो बसतो. पाय इकडेतिकडे फिरवतो.

"गिअर कोन्या बाजूनं हायेत हिचे?"

"उजव्या."

"आन् बिरेक?"

"डाव्या."

"पयला गिअर खाली ना?"

"वर."

तो थोडा वेळ टाकीकडे बघतो. मग अगदी सहज म्हणतो, "राहू दे भौ. एष्टीनंच जातो. उलशाक कामासाठी कायले तुमची गाडी." वर माझेच आभार मानतो. मी त्याला चहा पाजतो. संबंध पहिल्यापेक्षा बरे होतात.

काही जण इथे थांबत नाहीत, विशेषतः ज्यांनी आपल्या गाड्यांवर घाट पार केलेले असतात ते. त्यांच्यासाठी किकचा विधी आहे. किल्ली फिरवली की ॲमीटरचा काटा एका बाजूला झुकतो. किक हळूहळू दाबत न्यायची. एका जागी ती अडते आणि काटा मधोमध येतो. तिथे थांबून डिकॉम्प्रेसर ओढायचा, पिस्टनला माथ्यावरून हलकेच पलीकडे जाऊ द्यायचं, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची, आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच सरळ किक, शेवटपर्यंत. ॲक्सिलरेटर किती द्यायचा हे हवामानावर आहे आणि गाडीच्या मनावर. यातली एक पायरी चुकली तर काही होत नाही. दोन चुकल्या तर किक उलटी येते आणि नडगीवर बसते. एक जावई असे बसलेले मला माहीत आहेत. दिवाळसणाला आले होते, सासऱ्याची बुलेट चालू करून दाखवतो म्हणाले. सासरेबुवांनी आढेवेढे घेतले नाहीत. फराळ जावयांनी पलंगावर घेतला.

आणि समजा चालू झालीच, तरी डाव्या पायाची सवय सुटत नाही. दुसरा गिअर टाकायला म्हणून डावा पाय दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागे बसलेलं माणूस बरंच पुढे येतं.

गेल्या कुठल्याशा निवडणुकीत आमच्या एका ओळखीच्या उमेदवाराला प्रचारफेरीसाठी बुलेट हवी होती. गाडीवर बसलेला उमेदवार झेंड्यासकट चांगला दिसतो, हे खरं आहे. त्याच्या चार कार्यकर्त्यांनी आळीपाळीने किका मारल्या. चौथा जरा तापट होता, त्याला गाडीनेही तसंच उत्तर दिलं. शेवटी मीच चालवायची आणि उमेदवाराने मागे बसून हात जोडायचे असं ठरलं. फेरी थाटात निघाली. गाडीने पहिले दोन चौक घेतले, तिसऱ्या चौकात विरोधी उमेदवाराच्या कचेरीसमोर तिने मान टाकली आणि मी रेडिचच्या सुयांपासून सुरुवात केली. विरोधी पक्षाची पोरं मनाने चांगली. त्यांनीच धक्का दिला. आमचा उमेदवार मागे बसून त्यांना हात जोडत होता, त्याला आता दुसरं काही करताही येत नव्हतं. निकाल काय लागला ते विचारू नका, पण तेव्हापासून माझ्याकडे कुठल्याही पक्षाने गाडी मागितलेली नाही.

कुणी म्हणेल, जी हवी तेव्हा चालू होत नाही ती गाडी काय कामाची? असं म्हणणाऱ्याने चे गव्हेराची गोष्ट ऐकावी. 1952 साली तो आणि त्याचा मित्र नॉर्टनवर बसून दक्षिण अमेरिका बघायला निघाले. गाडी 1939 ची, 500 सीसी, अस्सल इंग्रजी. तिचं नाव त्यांनी बलवान ठेवलं होतं, त्यांच्या भाषेत ला पोदेरोसा. बलवानाने वाटेत शंभर ठिकाणी दम सोडला आणि चिलीत कायमचाच. उरलेला खंड त्यांनी ट्रकमध्ये, बोटीतून आणि पायी पाहिला. तरी त्या प्रवासाच्या डायरीच्या नावात मोटारसायकल आहे आणि सिनेमाच्याही. ट्रकवाल्यांचं नाव कुणाला ठाऊक आहे? चांगली गाडी पोचवून मोकळी होते. इंग्रजी गाडी रस्त्यात सोडते, आणि रस्त्यात सोडल्यावरच माणसाला माणसं भेटतात.

आमच्याकडे ही माणसं घाटात भेटतात. राजूर घाट चढताना जुनी बुलेट तिसऱ्यातून दुसऱ्यात येते, दुसऱ्यातून पहिल्यात, आणि एखाद्या वळणावर गरम होऊन विसावा घेते. मागून येणारा प्रत्येक जण थांबतो. कांद्याचा ट्रकवाला थांबतो, लग्नाचं वऱ्हाड थांबतं. प्रत्येकाच्या मामाकडे कधीतरी बुलेट होती आणि प्रत्येकाला नेमकं काय बिघडलंय ते माहीत असतं. 'पॉइंटात कचरा' हे सगळ्यांत लोकप्रिय निदान. खिशातला पॉलिश पेपर काढून देणारी माणसंही मी इथे पाहिली आहेत. खामगावच्या वाटेवरचा बोथ्याचा घाट मात्र जंगलातला. ज्ञानगंगा अभयारण्यात 2019 साली एक वाघ आला होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत. त्याची जगभर वाहवा झाली. त्याला वाटेत एकदाही धक्का मारावा लागला नाही, हे बघता वाहवा योग्यच होती. पण त्या दिवसांत संध्याकाळी बोथ्याच्या जंगलात गाडी बंद पडली की रेडिचचा इतिहास ऐकायला कुणी थांबत नसे.

गाडी कधी बंद पडेल हे आधी सांगता येत नाही. भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, तिथे पाऊस, पिकं, देशाची तिजोरी, सगळ्याचं भाकीत होतं. माझ्या पॉइंटांविषयी विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

1969 साली होंडाने चार सिलिंडरची 750 सीसीची गाडी काढली. बटण दाबलं की चालू, पुढे डिस्क ब्रेक, आणि खाली तेलाचा थेंब नाही. इंग्रजी कारखाने तिच्यासमोर काही वर्षांत आडवे झाले. आपल्याकडे 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल भरा, टाकी बंद करा आणि विसरून जा, ही तिची जाहिरात. विसरून जा! घरातल्या माणसाविषयी असं कुणी बोललेलं आपण खपवून घेऊ का? पण लोकांना तेच हवं होतं, आणि ते विसरले. आज आमच्या आळीत निम्म्या लोकांना आपल्या गाडीचा प्लग कुठे आहे ते सांगता येणार नाही.

इंग्रजी कंपन्यांचं पुढे जे झालं ते मात्र मोठं मजेशीर. बीएसए, म्हणजे 'शोले'तल्या जय-वीरूंची गाडी, 2016 साली महिंद्रांच्या मंडळींकडे आली. चे गव्हेराची नॉर्टन 2020 साली टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्या बजाज पुण्याजवळ चाकणला बनवतो. साहेब गेला, त्याच्यामागून त्याच्या गाड्याही इकडे आल्या. उस्ताद म्हणतात, पाने मात्र त्यांनी आधीच पाठवून ठेवले होते.

आता नवी बुलेट निघते. ती चांगली गाडी आहे, खोटं कशाला बोलू? बटणावर चालू होते, गिअर डाव्या पायाला, तेल गळत नाही. आणि म्हणूनच ती सगळ्या आळीत फिरते. ज्यांनी हौसेने घेतली ते पायी दिसतात, आणि त्यांच्या गाड्या त्यांच्या पुतण्यांखाली. 12 जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मदिवशी या गाड्यांची रांग बघावी, झेंडे बघावेत, छान वाटतं. आवाज मात्र ऐकवत नाही. सायलेन्सर काढून फटाक्यांचा बसवलेला असतो. कंपाउंडरसाहेब तो आवाज ऐकून कानांत कापूस घालतात, तोही खामगावचा. अनेक शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले. कंपाउंडरसाहेबांनी त्या बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलं आहे.

समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूने जातो. 701 किलोमीटर, ताशी 120 चा वेग, आणि दुचाकीला बंदी. नव्या बुलेटवाल्यांचा या बंदीने जीव खालीवर होतो. आमच्या कडुनिंबाखाली कुणाला काही वाटलं नाही. डिझेलवाल्यांनी फक्त हिशेब केला की नागपूरहून निघाल्यावर मुंबई कधी आली असती, आणि तो हिशेब अजून चालू आहे.

तर एक विनंती. तुमच्या गावात, मामाच्या वाड्यात, गोठ्यात पोत्यांखाली किंवा बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा. गिअर उजव्या बाजूला असले पाहिजेत. कागदपत्रं असतील तर उत्तम. टायर बसलेले, टाकी गंजलेली, किक अडकलेली असेल तरी माझी काही हरकत नाही, भाव तुम्ही सांगाल तो. पहिल्या किकला चालू होत असेल तर मात्र थोडे पैसे कमी करावे लागतील.